स्वतःला डागून घेण्याआधी

‘मी स्वतः हे रोज वापरते.’ हे पाच शब्द मी तीनदा रेकॉर्ड केले. पहिल्यांदा ते कागदावरून वाचल्यासारखे वाटले. दुसऱ्यांदा ‘स्वतः’वर नको इतका जोर पडला. तिसऱ्यांदा मी माईकपासून जराशी बाजूला सरले, वाक्याआधी हलकंसं हसले आणि आत्ताच आठवलं म्हणून सांगतेय अशा सुरात बोलून टाकलं. एडिटिंगला बसल्यावर तिन्ही टेक लागोपाठ ऐकले. तिसरा सगळ्यांत खरा वाटत होता. ते ॲप मी तोवर दोनदा उघडलं होतं, आणि त्यातल्या एका वेळी पासवर्ड विसरल्यामुळे आतच जाता आलं नव्हतं.

जाहिरातदाराने पाठवलेल्या मजकुरात त्या वाक्यापुढे कंसात सूचना होती: ‘स्वतःच्या शब्दांत, मैत्रिणीला सांगितल्यासारखं.’ त्याला जे विकत हवं होतं ते सगळं या कंसात होतं. एक मिनिटाची जागा कुठेही मिळते. मैत्रीण म्हणून ऐकला जाणारा आवाज मिळत नाही. तो माझ्याकडे होता, कारण त्याआधीचे चाळीसेक एपिसोड मी कुणाला काही विकायला गेले नव्हते.

पॉडकास्ट सुरू करणाऱ्याला आज माईक कोणता घ्यावा याच्याही आधी सल्ला मिळतो तो ‘पर्सनल ब्रँड’ उभा करण्याचा. ठरावीक रंग, ठरावीक हसू, एका ओळीत बसणारी ओळख, आठवड्याला अमुक इतक्या रील, थंबनेलवर विस्फारलेले डोळे. म्हणजे आधी स्वतःकडे माल म्हणून बघा, मग मांडामांड करा. (हा सल्ला देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा पॉडकास्ट पॉडकास्ट कसा करावा याच विषयावर असतो, हे जाता जाता.) माझं म्हणणं असं की पॉडकास्टरला ब्रँड नाही, पत लागते, आणि ब्रँड उभारण्याच्या घाईत सगळ्यांत आधी खर्ची पडते ती पतच.

दोन्हींत नाव होतं, म्हणून लांबून दोन्ही गोष्टी सारख्या दिसतात. ब्रँड आपण स्वतःबद्दल काय सांगतो त्यावर उभा राहतो. पत मात्र दुसऱ्याच्या वहीत मांडलेली असते आणि ती वही आपल्याला बघायलाही मिळत नाही.

‘ब्रँड’ या शब्दाच्या मुळाशी जाळणं आहे. जनावर कोणाचं हे कळावं म्हणून तापल्या लोखंडाने कातडीवर उमटवलेली खूण. मराठीत याला डाग देणं म्हणतात. आपला हा ‘डाग’ मोठा चतुर शब्द आहे. तोच खूण, तोच कलंक आणि सोन्याचा असेल तर तोच दागिना. स्वतःचा ब्रँड करायला निघालेल्या माणसाला बहुधा तिसरा अर्थ दिसत असतो. पण डाग बघून मालक कोण ते कळतं, जनावर कसं आहे ते नाही.

माणसाने स्वतःचाच ब्रँड करावा ही कल्पना गाजली ती १९९७ साली. ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकी मासिकात व्यवस्थापनावर लिहिणारे टॉम पीटर्स यांनी तिच्यावर लेख लिहिला आणि नोकरदारांना सांगितलं की तुम्हीच तुमच्या कंपनीचे मुख्याधिकारी आहात. त्या वाचकांपुरतं त्यात तथ्य होतं. नोकरीची शाश्वती जात होती आणि कंपनीच्या नावाखाली वीस वर्षं खपलेल्या माणसाला दाराबाहेर कुणी ओळखत नव्हतं. झाकलेलं काम उजेडात आणा, असा त्याचा सरळ अर्थ. पॉडकास्टरचं मात्र काहीच झाकलेलं नसतं. तो दर आठवड्याला तासभर लोकांच्या कानात बोलतो. कुठे अडखळतो, पाहुण्याला कुठे मध्येच तोडतो, न वाचलेल्या पुस्तकाबद्दल कुठे गुळमुळीत बोलतो, सगळं ऐकू येतं. अशा माणसाने वर आणखी स्वतःची प्रतिमा घडवायला बसावं हे जरा अजबच आहे.

हे माध्यम घडलंही तसंच आहे. आरएसएस फीड म्हणजे नवं काही आलं की ते आपोआप लोकांच्या ॲपपर्यंत पोहोचवणारी इंटरनेटवरची खुली यादी. २००० साल संपता संपता डेव्ह वायनर या प्रोग्रॅमरने तिच्यात ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली. फेब्रुवारी २००४मध्ये ‘द गार्डियन’ या ब्रिटिश दैनिकात पत्रकार बेन हॅमर्सली यांनी या नव्या प्रकाराला काय म्हणावं याची दोन-तीन नावं सुचवली, त्यातलं ‘पॉडकास्टिंग’ टिकलं. जून २००५मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टला जागा दिली आणि वाट मोकळी झाली. या सगळ्यात एक गोष्ट कधीच नव्हती, ती म्हणजे परवानगी देणारा माणूस. आकाशवाणीवर बोलायचं तर आवाजाची चाचणी असते, वर्तमानपत्रात लिहायचं तर संपादक असतो. त्यांचा जाच असतो, हे खरंच. पण त्यांच्यामुळे बोलणाऱ्याला काही पत आयती उसनी मिळते, चूक झाली तर दुरुस्ती छापायची एक ठरलेली जागा असते. पॉडकास्टरच्या मागे कुणी नाही. त्याला उसनं घ्यायला घरच नाही.

आणि समोर कोण आहे? डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोघा अभ्यासकांनी १९५६ साली रेडिओ-टीव्हीच्या निवेदकांबद्दल एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी श्रोत्याला वाटणाऱ्या एकतर्फी जवळिकीला ‘पॅरासोशल’ हा शब्द दिला. निवेदक आपल्याशीच बोलतोय असं वाटत राहतं, मात्र त्याला आपण माहीतही नसतो. ते तर खोलीच्या कोपऱ्यातल्या पेटीबद्दल बोलत होते. इअरफोनने ती पेटी कानाच्या आत आणून ठेवली. एका बाईंनी मला लिहिलं होतं, ‘मी रोज रात्री तुमच्यासोबत भांडी घासते.’ माझी धाकटी बहीण मला कशावरून चिडवते हेही त्यांना माहीत होतं. त्यांचं नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

होस्टने स्वतःच्या आवाजात वाचलेल्या जाहिरातीला तयार वाजवल्या जाणाऱ्या जाहिरातीपेक्षा जास्त दर मिळतो तो या जवळिकीचा. म्हणजे विकली जाते ती श्रोत्याची मालमत्ता, आणि पावती फाडतो आपण. म्हणूनच याला मी निव्वळ खासगी धंद्याचा प्रश्न मानत नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने आणि सात राज्यांनी गुगल आणि आयहार्टमीडिया ही रेडिओ कंपनी यांच्यावर कारवाई केली. रेडिओच्या निवेदकांनी गुगलच्या फोनसाठी ‘मी या फोनने फोटो काढले’ अशा पहिल्या पुरुषातल्या जाहिराती वाचल्या होत्या. तक्रारीनुसार तो फोन त्यांना हाताळायलाही मिळाला नव्हता. अशा जाहिराती जवळपास २९,००० वेळा वाजल्या. प्रकरण मिटलं ते ९४ लाख डॉलरच्या दंडावर. ही मोठ्या कंपन्यांची गोष्ट झाली. एकट्याने चालवलेल्या पॉडकास्टमध्ये वाचलेल्या अशा वाक्यांची मोजदाद कोण ठेवणार? माझ्या त्या पाच शब्दांची कुणी ठेवली नव्हती.

पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांचंही तेच. मुलाखतीसाठी रक्कम घ्यायची आणि ‘आज आपल्यासोबत एक विलक्षण व्यक्ती आहे’ म्हणून सुरुवात करायची, हा प्रकार आता गुपितही राहिलेला नाही. मी तो केलेला नाही. कुणी चांगली रक्कम घेऊन आलं नाही म्हणून केला नाही की तत्त्व म्हणून, हे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

यावर एक रास्त आक्षेप येतो. पत वगैरे ठीक, पण लोकांना तुम्ही आहात हेच कळलं नाही तर पत कुणाकडे जमा करणार? खरं आहे. पॉडकास्ट शोधून सापडणं कठीण असतं. शीर्षक असं हवं की विषय कळेल. मुखचित्र मोबाइलवर नखाएवढं झालं तरी वाचता यायला हवं. ठरलेल्या वारी एपिसोड यायला हवा. मात्र याला ब्रँडिंग कशाला म्हणायचं? दुकानावर पाटी लावणं आणि वेळेवर फळी उघडणं एवढंच हे आहे.

आवाजाचंही तसंच. नवशिक्याचा पैसा माईकवर जातो आणि खोली तशीच राहते. उघड्या भिंतींच्या खोलीत महागडा कंडेन्सर माईक ठेवला तर तो भिंतींचा घुमारासुद्धा तितक्याच इमानाने टिपतो. माझे पहिले एपिसोड कपड्यांच्या कपाटात डोकं घालून रेकॉर्ड झालेले आहेत. लोकरीचा कोट गालाला टोचायचा, पण आवाज कोरडा, स्वच्छ यायचा. तोंड माईकच्या थेट समोर न ठेवता किंचित तिरकं ठेवलं की ‘प’ आणि ‘फ’चे धक्के बसत नाहीत. ॲपल आवाजाची पातळी उणे १६ एलकेएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा वाटतो ते मोजायचं एकक) आसपास ठेवायला सांगतं. बोलणाऱ्या दोघांची पातळी सारखी राखली नाही तर होस्ट ओरडतो आणि पाहुणा कुजबुजतो, आणि भांडी घासणाऱ्या बाईंना ओल्या हाताने फोन उचलावा लागतो. लोगोच्या रंगावर आठवडाभर खल करणाऱ्या किती जणांनी स्वतःचा एपिसोड नळाच्या आवाजात ऐकून पाहिला असेल?

मग येतात आकडे. ब्रँडची भाषा एकदा बोलायला लागलं की मोजायला काहीतरी लागतंच, आणि हाताशी असतात डाउनलोड. पण डाउनलोड म्हणजे ऐकणं नव्हे. जाहिरात उद्योगाच्या आयएबी या संस्थेच्या निकषात एका मिनिटाएवढा ध्वनी उतरला की डाउनलोड मोजला जातो. तो पुढे कुणी ऐकला का, हे त्यात येत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये आयफोनची आयओएस १७ ही नवी प्रणाली आली आणि ॲपलने न ऐकलेले एपिसोड आपोआप उतरवत राहणं कमी केलं. अनेक मोठ्या कार्यक्रमांचे आकडे खाली आले. त्यांचा एकही श्रोता गेला नव्हता. जे कधी ऐकतच नव्हते त्यांचे फोन एपिसोड उतरवायचे थांबले होते. वर्षानुवर्षं प्रायोजकांपुढे ठेवलेल्या तक्त्यात हे न ऐकणारे मोजलेले होते, आणि मला वाटतं, होस्टच्या मनातल्या स्वतःच्या उंचीतही.

नव्या माध्यमातला उद्योजक म्हणवणाऱ्याने बघायला हवं ते वेगळंच आहे: आपला पत्ता कुणाच्या मालकीचा आहे? ऑगस्ट २०२३मध्ये स्टिचर हे पॉडकास्ट ऐकायचं ॲप बंद झालं. २०२४मध्ये तसंच गुगल पॉडकास्ट्स बंद झालं. ज्यांची फीड स्वतःच्या ताब्यात होती त्यांचे श्रोते दुसऱ्या ॲपमध्ये गेले आणि एपिसोड तिथेही पोहोचले, कारण आरएसएस कुणा एकाच्या मालकीचं नाही. ज्यांचा सगळा संसार एकाच व्हिडिओ मंचावर मांडलेला असतो त्यांना ही सोय नसते. तिथले लाखभर फॉलोअर त्या मंचाचे असतात, आपल्याला ते दाखवले जातात इतकंच. त्यापेक्षा स्वतःहून ईमेल पत्ता दिलेली ३०० माणसं मला जास्त भरवशाची वाटतात. हा सल्ला कंटाळवाणा आहे, त्यामुळे त्याची रील होत नाही.

पैशाचा हिशोबही ब्रँडच्या बाजूने नाही. जाहिरातीचा दर हजार डाउनलोडमागे ठरतो. २,००० डाउनलोड असणाऱ्याला त्या दराची दुप्पट मिळते आणि विषय तिथे संपतो. त्यातून एडिटिंग करणाऱ्याचाही खर्च निघणं मुश्किल. म्हणून मग गर्दी वाढवायची, गर्दीसाठी वादग्रस्त पाहुणा आणायचा, वादग्रस्त पाहुण्याला अवघड प्रश्न विचारला तर तो पुन्हा येणार नाही म्हणून सोपे विचारायचे. तंत्रज्ञानावर लिहिणारे केविन केली यांनी २००८मध्ये वेगळं गणित मांडलं होतं. १,००० खरे चाहते, प्रत्येकाकडून वर्षाला १०० डॉलर, म्हणजे वर्षाला एक लाख डॉलर. या गणितात लोक नेहमी १,०००कडे बघतात. खरी मेख ‘खरे’ या शब्दात आहे. मुखवटा आवडला म्हणून माणूस फॉलो करतो. खिशात हात घालायला त्याला काही वेगळं लागतं.

ते वेगळं कसं ऐकू येतं, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकी रेडिओ पत्रकार ॲलेक्स ब्लूमबर्ग यांनी २०१४मध्ये पॉडकास्ट कंपनी काढली आणि ती काढतानाचाच पॉडकास्ट केला. पहिल्याच एपिसोडमध्ये ते गुंतवणूकदार ख्रिस साका यांच्यासमोर आपली कल्पना मांडतात आणि चाचपडतात, भरकटतात. शेवटी साकाच त्यांची कल्पना त्यांना नीट मांडून दाखवतात. कोणताही ब्रँड सल्लागार हा तुकडा कापायला लावेल. तो ठेवला म्हणूनच पुढे हा माणूस ‘आमचं बरं चाललंय’ म्हणाला तर ऐकणाऱ्याला ते पटलं. त्यांच्या गिमलेट या कंपनीला २०१९मध्ये स्पॉटिफायने विकत घेतलं आणि २०२३मध्ये ती स्वतःच्या दुसऱ्या विभागात मिसळून टाकली. म्हणजे कंपनीचा ब्रँड असा पुसला जाऊ शकतो.

माणसाचा ब्रँड तर विकताही येत नाही आणि त्याला रजाही मिळत नाही. धंदा उभा करायचा आणि तो स्वतःच्या चेहऱ्यावर, ही विसंगती ‘पर्सनल ब्रँड’वाले बोलून दाखवत नाहीत. चेहरा आजारी पडला की दुकान बंद. अमेरिकी विनोदवीर मार्क मॅरन यांनी २००९मध्ये सुरू केलेला पॉडकास्ट आठवड्याला दोन एपिसोड या गतीने सोळा वर्षं चालवला. बराक ओबामा अध्यक्ष असताना त्यांच्या गॅरेजमध्ये येऊन बोलून गेले. २०२५मध्ये मॅरन यांनी तो आपणहून थांबवला. तो दुसऱ्या कुणाच्या हाती देण्यासारखा नव्हताच. स्वतःच्या नावावर चाललेल्या कामाचा शेवट असाच व्हायचा, आणि त्यात वाईट काही नाही, फक्त त्याला ‘वाढवता येण्याजोगा उद्योग’ म्हणू नये. वाढवायचं असेल तर आपल्याशिवायही ऐकवेल असा कार्यक्रम घडवावा लागतो: दुसरा होस्ट, नीट शोध घेणारा सहकारी, मला थांबवू शकेल असा संपादक. विशेषतः तो शेवटचा. माझ्याजवळ तो असता तर तिसरा टेक कधीच बाहेर गेला नसता.

आता तर आवाजही नुसता आपला राहिलेला नाही. जानेवारी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी व्हॅल-ई नावाचं एआय प्रारूप मांडलं. ते तीन सेकंदांच्या नमुन्यावरून कुणाच्याही आवाजात बोलू शकतं. पॉडकास्टरचे तर शेकडो तास बाहेर पडलेले असतात. माझं हलकंसं हसणं, ‘स्वतः’वरचा नेमका जोर, मैत्रिणीला सांगितल्यासारखा सूर, सगळं तयार करून मिळेल. ब्रँड जर सूर, लकब आणि चेहरा यांचा बनलेला असेल तर त्याची नक्कल निघणारच. ‘मागच्या आठवड्यात मी हे चुकीचं सांगितलं’ असं ते यंत्र माझ्या आवाजात म्हणूही शकेल. मग कुणी उलट टपाली पत्र लिहिलं तर उत्तर कोण देणार, एवढाच प्रश्न उरतो.

मला तसं पत्र आलं. त्या जाहिरातीला सात-आठ महिने झाले होते. लिहिणाऱ्या बाई त्याच, भांडी घासणाऱ्या. रागाची एकही ओळ नव्हती. ‘तुम्ही रोज वापरता म्हणून मीही घेतलं. मला ते जमलं नाही, पण दर महिन्याला पैसे कापले जातात. बंद करायचं बटण मला सापडत नाही. तुम्हाला माहीत असेल, म्हणून विचारते.’

मला माहीत नव्हतं. मी ते ॲप तिसऱ्यांदा उघडलं. बटण ‘खाते’मध्ये नव्हतं, ‘योजना’मध्येही नव्हतं. ‘मदत’मध्ये गेल्यावर एका प्रश्नाच्या उत्तरात तळाला फिकट अक्षरांत दुवा होता, तो दाबल्यावर ‘खरंच जायचंय का’ असं तीनदा विचारलं गेलं. पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक पायरीचं चित्र काढून बाईंना पाठवलं. खाली लिहिलं की मी हे ॲप रोज वापरत नव्हते, कधीच वापरलं नव्हतं, आणि तसं बोलायचे मला पैसे मिळाले होते.

पुढच्या एपिसोडमध्ये सुरुवातीच्या संगीताच्याही आधी हेच सांगितलं. दोन मिनिटं दहा सेकंद. तेवढा भाग मी एकदाच रेकॉर्ड केला आणि एडिट केला नाही. मध्ये एकदा घसा खाकरलेला आहे. जाहिरातदाराने पुढचा करार मोडला. डाउनलोड नेहमीइतकेच राहिले, ना वर ना खाली.

बाईंचं उत्तर दोन दिवसांनी आलं. ‘सापडलं बटण,’ एवढंच. त्यानंतर त्या ऐकतात की नाही, मला माहीत नाही.